पिवळ्या डब्यातलं वजन

सुट्ट्या लागल्या की आमच्या बागेच्या फाटकापाशी जो गलका उठतो ना, तो कानांवर पडल्याशिवाय मला वर्ष संपल्यासारखं वाटतच नाही. शाळा बंद, कचेऱ्या अर्ध्यामुर्ध्या बंद, झाडांवर दिव्यांच्या माळा, कर्ण्यावर गाणी, फुगे, रडणारी पोरं, हरवलेली पोरं आणि सापडल्यावर धपाटे खाणारी पोरं. मी आकाशपाळण्याच्या तिकीट खिडकीत बसते. खिडकी एवढीशी, पण तिच्यातून मी अख्खी बाग ताब्यात ठेवते. रांगेत कुणी मधे घुसलं की माझा आवाज थेट फाटकापर्यंत जातो. मॅनेजर म्हणतात, बाई, तुम्ही असताना आपण कर्णा कशाला लावलाय तेच कळत नाही. मी म्हणते, गाणी धड लावा, मग मी गप्प बसते.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची आहे. तो पाळणा चालवतो. त्याला आम्ही लहानपणापासून घुम्या म्हणतो, आणि शाळेच्या दाखल्यावरचं त्याचं खरं नाव कुणी हाकेत घेतलं तर तो स्वतःच मागे वळून बघेल की कुणाला बोलावतायत. बोलणं म्हणून नाही. मी शंभर शब्द बोलले की हा एक हुंकार देणार, तोही उधारीवर. आमच्या वडिलांचा हाच धंदा होता. आम्ही दोघं भावंडं पाळण्याच्या खांबाला धरूनच उभं राहायला शिकलो. मी मोठी, म्हणून वडिलांनी पाळण्याचा दांडा आधी माझ्या हातात दिला. मोटर कधी लावायची, ब्रेक कसा हळूहळू दाबायचा, सगळं मला येतं. पण माझं तोंड बघून त्यांनी लवकरच निकाल लावला की जिला जीभ आहे तिने खिडकीत बसावं आणि ज्याला हात आहेत त्याने दांड्यावर उभं राहावं. तेव्हापासून आमची वाटणी ठरलेली.

आता पाळणा चालवणं म्हणजे नुसता दांडा ओढणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन बघावं. खरं काम असतं माणसं बसवण्याचं. पाळण्याच्या खुर्च्यांना आम्ही डबे म्हणतो. एका डब्यात वजन पडलं की त्याच्या बरोबर समोरच्या डब्यात तेवढंच वजन पडायला हवं. एक बाजू जड झाली की मोटरचा पट्टा घसरतो, पाळणा धडपडतो, आणि जड बाजू आपली खाली यायला बघते. आमचा पाळणा जुना, त्याला असली थेरं चालत नाहीत. म्हणून घुम्या रांगेतल्या माणसाकडे नुसतं बघतो आणि ठरवतो, हा निळ्यात, ही तिघं हिरव्यात, या आजी त्या पोराबरोबर. लोकांना वाटतं, हा उगाच ताटकळत ठेवतोय. मग ते भांडायला माझ्या खिडकीशी येतात, आणि मी काही भांडणाला नाही म्हणणारी बाई नव्हे.

यात एकच अडचण असते. संध्याकाळी सुरुवातीला गिऱ्हाईक थोडं असतं, आणि ते मोजूनमापून थोडंच येतं? कधी एका बाजूला चौघं, दुसऱ्या बाजूला दोघंच. बाकीचे पाळणेवाले अशा वेळी वाळूची पोती टाकतात. घुम्याला पोत्याची गरज नव्हती, त्याच्याकडे त्याची बायको होती. माझी भावजय अंगाने भरलेली, आणि तिला त्याचा भारी अभिमान. पिवळा डबा तिचा. पदराच्या घडीत शेंगदाणे घेऊन ती त्यात बसायची, घुम्या साखळी लावायचा, साखळीवर दोनदा थाप मारायचा, की निघाली बाई वर. म्हणायची, ताई, तुम्ही तिकिटं विका नाहीतर विकू नका, माझ्याशिवाय तुमचं चाक जागचं हलत नाही. खरंच होतं ते. वर गेली की तिला सगळी बाग दिसायची आणि ती तिथून ओरडून मला बातम्या द्यायची, की फाटकाशी मोठी गाडी भरून माणसं उतरलीयेत, तिकिटं फाडून ठेवा. खाली आली की जाताजाता घुम्याच्या हातावर दोन दाणे ठेवायची. दर फेरीला. तो दांड्यावर उभा आणि ती त्याच्यासमोरून जातेय, वर जातेय, परत येतेय. त्यांचा संसार मी तरी असाच बघितला.

गेल्या सुट्ट्या संपल्या, पाळण्यावर ताडपत्री चढली, आणि थंडी सरायच्या आत ती गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथून आम्ही तिला चालत घरी आणू शकलो नाही. घुम्या रडला नाही. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांतून टिपूस नाही. ताट समोर ठेवलं तर दोन घास, नाही ठेवलं तर तेही नाही. मी त्याच्या घरी जायची, भांडी आपटायची, त्याच्या अंगावर ओरडायची, माझ्या परीने सगळं केलं. दगडावर पाणी.

आणि सुट्ट्या जवळ आल्या तसा तो जास्तच खचला. लोकांना याचं नवल वाटायचं, मला नाही वाटलं. बाकीचं वर्षभर ज्याच्या त्याच्या तोंडी रडगाणंच असतं, त्यात आपलंही दुःख खपून जातं. सुट्ट्यांत मात्र सगळी दुनिया नवे कपडे घालून हसायला निघते आणि तेवढं आपलंच तोंड उघडं पडतं. त्यात सल्ला देणाऱ्यांचा सुळसुळाट. आमच्या ह्यांनी त्याला सांगितलं, मन कशात तरी गुंतव, पहाटे फिरायला जात जा. आयुष्यात हे स्वतः कधी पहाटे उठले असतील तर शपथ. मावशी म्हणाली, हसत राहा रे, रडक्या चेहऱ्याने सुट्टी घालवू नये. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी मावशीला दारापर्यंत सोडून आले आणि दार जरा जोरातच लावलं.

तेवढ्यात मॅनेजरांनी निरोप धाडला. पाळणा सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी फिरला पाहिजे. नाही फिरला, किंवा काही घोळ झाला, तर ती जागा हवेच्या किल्ल्याला देणार. हवेचा किल्ला म्हणजे तो रबरी, ज्यात पोरं उड्या मारतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांच्या वेळेपासूनच्या जागेवर पंपाने फुगवलेला किल्ला! पण खरी भीती जागेची नव्हती. घुम्याकडे आता बाकी राहिलं होतं काय? बायको गेली, मूलबाळ नाही. पाळणा गेला तर तो त्या चार भिंतींत बसेल आणि बसल्याजागी संपेल, हे मला लख्ख दिसत होतं. मी मॅनेजरांना जाऊन सांगितलं, पाळणा फिरणार, शब्द देते. मग भावाकडे गेले आणि म्हटलं, शब्द देऊन आलेय, आता माझं नाक कापायचं की राखायचं ते तू ठरव.

तो आला. पहिल्या संध्याकाळच्या दिवशी सकाळी सकाळीच आला. मी पोचले तेव्हा ताडपत्री उतरवलेली, आणि हा वर चढून एकेक बोल्ट पान्याने आवळत होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी फडकं घेतलं आणि डबे पुसायला लागले. त्याने पट्ट्याला पावडर लावली, ब्रेकचे गुटके तपासले, सगळ्या सांध्यांत ग्रीस भरलं, आणि दुपारी रिकामा पाळणा फिरवून बघितला. एवढासाही खडखडाट नाही. हात सगळे जागच्या जागी होते. मी आपली बडबडत होते, तो मधून मधून हं म्हणत होता, आणि मला वाटलं, जिंकलं आपण.

संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि फाटक उघडल्याबरोबर पळा पळा कोण पुढे पळे तो. माझ्या खिडकीसमोर रांग लागली ती पार खेळण्यांच्या गाड्यांपर्यंत. माझे हात भराभर चालत होते, तोंड त्याहून भराभर. इकडे तिकीट फाड, तिकडे कुणाच्या पोराला कठड्यावरून उतरव, आणि एका डोळ्याने घुम्याकडे बघ. तो माणसं बसवत होता, जसा नेहमी बसवतो तसा. रांगेवरून नजर फिरवायची, बोट दाखवायचं, साखळी लावायची, पाळणा एक डबा पुढे सरकवायचा. एक ढेरपोटे गृहस्थ आणि त्यांच्यासारखेच खात्यापित्या घरचे दोन जवान मुलगे आले. त्यांना त्याने लाल डब्यात बसवलं. लाल डबा पिवळ्याच्या बरोबर समोरचा. मग पिवळा डबा खाली आला. घुम्याने त्याची साखळी लावली, साखळीवर दोनदा थाप मारली आणि डबा वर पाठवून दिला. मी तेही बघितलं, पण माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण तेव्हाच एक बाई सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी हुज्जत घालत होती.

सगळे डबे भरले, त्याने मोटर लावली. पाळणा एक अर्धी फेरी फिरला, कसाबसा. मग पट्टा किंचाळला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. रबर जळल्याचा वास आला, लाल डबा वर चढता चढता थबकला, आणि सगळं चाक उलटं फिरून दाणदिशी मागे आलं. वरून जो किंचाळ्यांचा कल्लोळ उठला! मी मान वर केली तर डबे लोंबकळत हेलकावे खातायत, आणि घुम्या ब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी दाबून उभा आहे, चेहरा पांढराफटक, डोळे कुठेच नाहीत. ब्रेक त्याने बरोबर दाबला होता. पण त्यापुढे तो काहीच करत नव्हता.

तिकिटांचं बुक तसंच टाकून मी खिडकीतून बाहेर पडले. दाराने की खिडकीनेच, ते मला आजही सांगता येणार नाही. पहिलं काम केलं ते माझ्या आवाजाचं. वर बघून ओरडले की कुणीही हलायचं नाही, डबा झुलवायचा नाही, जागच्या जागी बसा, पाळणा शाबूत आहे, मी तुम्हाला खाली आणतेय. सगळे चिडीचूप. एवढ्या वर्षांत माझ्या या आवाजाचं कुणी चीज केलं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. मग घुम्याच्या हातावर हात ठेवून दांडा माझ्याकडे घेतला. त्याने दिला. मॅनेजर धापा टाकत आले, आल्या आल्या अग्निशमन बोलवा, पोलीस बोलवा, पाळणा बंद करा, असं सुरू केलं. मी म्हटलं, साहेब, बोलवायचं त्यांना बोलवा, पण आधी बाजूला व्हा, मला लाल डबा उघडू द्या.

जड बाजू खाली यायचीच, त्यामुळे लाल डबा जमिनीशी येऊन थांबला होता. ढेरपोट्या गृहस्थांची पाचावर धारण बसली होती. त्यांना आणि मुलांना उतरवलं. मुलं उतरली ती सरळ फाटकाच्या दिशेने गेली. पण गृहस्थांची बायको खमकी निघाली. ती कठड्याशी उभी राहून नवऱ्याची गंमत बघत होती. ती म्हणाली, यांची फेरी अर्धी राहिलीये, ती मी पुरी करणार. आणि पदर खोचून बसलीसुद्धा. अशी माणसं असली की माझ्या अंगात हत्तीचं बळ येतं. मी साखळी लावली, मोटर अगदी हळू सोडली, आणि पाळणा सरळ फिरला. काही मोडलेलं नव्हतं, काही तुटलेलं नव्हतं. आणि अर्ध्या फेरीनंतर आमच्यासमोर पिवळा डबा आला. साखळी नीट लावलेली, आत कुणी नाही.

मॅनेजर तेव्हाच ओरडले की हा असा रिकामा डबा सोडून कुणी भरला पाळणा, समोर तिघं दांडगे आणि इकडे हवा?

घुम्या डब्याकडे बघत होता. तो बोलला, आणि इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पिवळ्यात तिचं वजन धरलं होतं मी. ती नाहीये, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

मी मनात जुळवून बघितलं. लाल डब्यात तिघं, समोर पिवळ्याच्या दोन्ही बाजूंचे डबे त्याने मुद्दाम भरगच्च भरलेले, आणि पिवळ्यात ती, बरोबर तेवढंच वजन झालं असतं. त्याचा हिशोब चुकलाच नव्हता. फक्त ती बसलेली नव्हती.

वर माणसं अजून टांगलेली. खमक्या बाई आता लाल डब्यात अगदी टोकाला होत्या आणि विचारत होत्या की कधी निघायचं. पुढे फिरवायचं तर पिवळ्यात कुणीतरी हवंच होतं. मी इकडेतिकडे बघतेय तोवर घुम्याने स्वतःच साखळी काढली, आत जाऊन बसला आणि म्हणाला, ताई, दांडा तुझ्याकडे. मोठा झाल्यापासून माझा भाऊ त्या पाळण्यात कधी बसला नव्हता. तो कायम खाली, ती कायम वर. मी साखळी लावली. थाप मारायची हिंमत मला झाली नाही.

मोटर सोडली. पाळणा असा फिरला, जशी लोण्यातून सुरी. घुम्या वर गेला, दिव्यांच्या माळांच्या वर, गाण्यांच्या वर, आणि टोकाला पोचला तसा मी वेग कमी केला. आणि मग मला त्याचा आवाज ऐकू आला. रडत होता. हुंदके नव्हेत, गळा मोकळा सोडून, ढसाढसा, माणूस हंबरडा फोडतो तसा. खाली उभ्या असलेल्या लोकांपैकी एकानेही वळून बघितलं नाही. पाळण्यावर ओरडणारा माणूस कुणाला वेगळा वाटतो? आजूबाजूच्या डब्यांतली पोरं त्याला साथ देऊन आणखी जोरात ओरडायला लागली. सगळा पाळणा ओरडत होता, त्यात माझा भाऊ त्याच्या बायकोसाठी रडत होता, आणि मी खाली दांड्यावर उभी राहून हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. मला एवढंच वाटत होतं की रड बाबा, अजून रड. तो खाली आला की मी त्याच्याकडे बघायचे नाही, तो परत वर जायचा. लोकांना त्या फेरीत दुप्पट फिरायला मिळालं, आणि एकानेही तक्रार केली नाही.

मग मी एकेक डबा समोरासमोरचा बघून रिकामा केला. खमक्या बाई उतरल्या, नवऱ्याला म्हणाल्या, उगाच घाबरत होतात. घुम्या उतरला. त्याने खिशातलं ग्रीसचं फडकं काढून तोंड पुसलं, आणि नाकापासून कानापर्यंत काळा पट्टा उमटला. मी त्याला तसं सांगितलं. तो दुसऱ्या बाजूनेही पुसायला गेला आणि दोन्हीकडे मिशा झाल्या. तेव्हा तो किंचित हसला. हसला म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला, पण घुम्याच्या बाबतीत तेवढं म्हणजे जेवणावळ झाली.

मॅनेजर मात्र गेले नव्हते. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या जागी त्यांनाही वरून बोलणी बसतात. त्यांनी सांगितलं की हे जे झालं ते परत होता कामा नये. मी इथेच उभा राहतो, पुढची फेरी माझ्यासमोर काढा. चाक एकदा जरी अडखळलं, तरी आज ताडपत्री चढेल आणि उद्या इथे किल्ला येईल. मग त्यांनी घुम्याला विचारलं, परत विसरलास तर? घुम्या म्हणाला, आता विसरणार नाही, तो डबा रिकामा आहे.

झालं, पुढची फेरी काढायची. पण माणसं कुठायत? रांग कधीच पांगली होती. किंचाळ्या ऐकून निम्मे लोक बंदुकीच्या खेळाकडे गेले, उरलेले लांबून बघत उभे. मी खिडकीत परत बसले आणि घसा खरवडून हाका मारल्या. कॉलेजची चार पोरं आली, नवं लग्न झालेलं एक जोडपं आलं, खमक्या बाई नवऱ्याला दंडाला धरून परत घेऊन आल्या. घुम्याने त्यांना मापून मापून बसवलं. एकेक जोडी जुळली, खमक्या बाईंचं वजन नव्या जोडप्यासमोर खपलं, आणि शेवटी पिवळा डबा खाली आला. समोर लाल डब्यात ढेरपोटे गृहस्थ एकटेच, डोळे गच्च मिटून. म्हणजे पिवळ्यात एक वजनदार माणूस हवा होता. मी म्हटलं, मी बसते. घुम्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. मी काडी पैलवान, माझ्यासारख्या दोन लागल्या असत्या. मॅनेजरांकडे बघितलं, अंगाने अगदी हवे तसे. पण त्यांना नेमकं तेव्हाच त्यांचं ब्लडप्रेशर आठवलं. घुम्यालाच बसवावं तर मॅनेजरांना दांड्यावर त्यालाच बघायचं होतं.

वाळूची पोती आमच्याकडे कधी नव्हतीच. दोन पावलांवर मॅनेजर घड्याळ बघत उभे, पाळणा भरलेला, आणि एका माणसावाचून सगळं अडलेलं.

तेव्हा घुम्या कठड्याकडे चालायला लागला. तिथे एक बाई उभी होती. अंगाने चांगली भरलेली, नवी साडी, नीट विंचरलेले केस, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. फाटक उघडल्यापासून ती तिथेच होती. अशी माणसं दर सुट्टीत कठड्याशी दिसतात. तयार होऊन येतात, दुसऱ्यांची पोरं वर जाताना बघतात, आणि परत जातात. माझ्या खिडकीपर्यंत कधी येत नाहीत. एकट्या माणसाने पाळण्यात बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं वाटत असणार. मी आजवर त्यांना कधी हाक मारली नव्हती, आणि घुम्या तर ओळखीच्या माणसाशीही बोलत नाही. तो त्या काळ्या मिशांसकट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"जरा बसता का?" तो म्हणाला. "त्या बाजूला वजन कमी पडतंय."

बाई गडबडली. मागे वळून बघितलं, आपल्यालाच म्हणतोय का ते. मग म्हणाली, "मी एकटीच आहे हो."

"एकच माणूस हवंय," घुम्या म्हणाला. "तुम्ही बसलात तरच चाक फिरेल."

मग तिने पर्स काखोटीला मारली आणि त्याच्या मागोमाग आली. पिवळ्या डब्याशी घुम्या क्षणभर थांबला. मला वाटलं, आता याचं काय होतंय. त्याने साखळी काढली, तिला हाताला धरून बसवलं, साखळी लावली, ओढून बघितली आणि थेट दांड्यावर जाऊन उभा राहिला. मोटर लागली. पट्ट्याचा आवाज नाही, धक्का नाही. पाळणा उचलला गेला आणि फिरला, आणि फिरतच राहिला. मॅनेजर दोन फेऱ्या बघत राहिले, तिसऱ्या फेरीला कर्णेवाल्याकडे निघून गेले. मी खिडकीतून अशी आरोळी ठोकली की लांब उभी असलेली सगळी माणसं धावत रांगेत आली.

बाई पहिल्यांदा वर गेली तेव्हा डब्याची कड धरून बसली होती. दुसऱ्यांदा तिने एक हात सोडला. त्यानंतर मी तिकिटं फाडण्यात गढून गेले, पण एकदा वर नजर गेली तेव्हा ती डब्यातून ओणवं होऊन खालच्या गर्दीकडे बघत होती आणि तिचा पदर वाऱ्यावर उडत होता. फेरी संपली तशी ती उतरली. केस विस्कटलेले, गाल तापलेले. दोन पावलं गेली आणि परत आली. घुम्या पुढच्या माणसाची साखळी लावत होता, त्याच्या शेजारी येऊन थांबली.

"उद्याही कमी पडेल का हो वजन?" तिने विचारलं.

घुम्याने साखळी लावून घेतली.

"पडेल," तो म्हणाला. "सुट्ट्या संपेपर्यंत रोज पडणार आहे. लवकर या."